लोकांच्या घरात चिखल आणि मला गाढ झोप

“मॅडम, लोकांच्या घरात गुडघाभर चिखल होता आणि मला मात्र कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. माझ्यात काही खोट आहे का?”

ऑगस्ट २०२१मध्ये ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून साठीच्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला. पुरानंतर किंवा दरड कोसळल्यावर मदतीला जाऊन आलेली माणसे हीच शंका निरनिराळ्या शब्दांत बोलून दाखवतात, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

काका, मी त्यांना असेच म्हणत असे, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ३४ वर्षे स्टोअरकीपर होते आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये निवृत्त झाले होते. जूनमध्ये त्यांच्या मुलीच्या आग्रहावरून ते माझ्याशी व्हिडिओ कॉलवर दोनदा बोलले. सकाळी उठावेसे वाटत नाही, वर्तमानपत्र उघडून तसेच पडून राहते, घरात आपली अडगळ झाली आहे, अशी त्यांची तक्रार होती. नैराश्याची लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकून आहेत का, भूक कशी आहे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सारे मी विचारले. औषधोपचारांची गरज भासावी असे काही आढळले नाही. मग मी त्यांना बागकाम, वाचन, ज्येष्ठ नागरिक संघ अशी एक यादी दिली. आज त्या यादीची मला थोडी लाज वाटते, कारण ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या मागण्या पुरवल्या, त्याला मी स्वतःचे मन रमवायला सांगत होते. ते तिसऱ्यांदा बोलायला आले नाहीत.

२२ जुलै रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. काकांचा भाचा ठाण्यातून मदतीचा टेम्पो घेऊन निघाला होता आणि त्याला सोबत हवी होती, एवढ्याच कारणासाठी काका गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी परतायचे, या बोलीवर गेलेले काका अकरा दिवस राहिले.

उंचावरील एका शाळेच्या सभागृहात सामान उतरवले जात होते आणि तिथे जुन्या कपड्यांचा ढीग छतापर्यंत पोहोचला होता. खराटे, फावडी, घमेली, फिनेल, काडेपेट्या या ज्या वस्तूंसाठी लोक खेटे घालत होते, त्या कुठल्या तरी गोणीखाली दबलेल्या होत्या. काकांनी कोणालाही न विचारता एक शंभर पानी वही घेतली, आवक आणि जावक असे रकाने आखले आणि जुन्या सवयीने प्रत्येक ढिगापाशी पुठ्ठ्याचे बिन कार्ड, म्हणजे कोणती वस्तू किती शिल्लक आहे हे लिहिलेली पाटी, लावले. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी दुसऱ्यांदा मिळालेली साडी परत केली आणि म्हणाल्या, “साड्या सगळेच देतात हो, पण विळी वाहून गेली, भाजी कशावर चिरू?” त्या दिवसापासून वहीत ‘काय नाही’ असा आणखी एक रकाना आला आणि ठाण्याहून निघणाऱ्या पुढच्या गाड्या त्या रकान्यानुसार भरल्या जाऊ लागल्या.

तिथून परतल्यावर ऑगस्टमध्ये ते माझ्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या अपराधीपणावर मी घाईने फुंकर घातली नाही. अकरा दिवसांतली नेमकी कोणती वेळ सर्वांत बरी वाटली, एवढेच विचारले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “सकाळी सहाला एक मुलगा येऊन विचारायचा, काका, आज काय कमी आहे?” त्यांना सुख कशाचे झाले होते, हे त्या उत्तरात होते. चिखलाकडे पाहून त्यांना कधीच बरे वाटले नव्हते. कुणाचा तरी दिवस आपल्या उत्तरावर अडला आहे, ही जाणीव त्यांना मार्चपासून प्रथमच झाली होती. आपल्या कामाची कुणाला गरज भासावी असे वाटण्यात पाप नाही, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

खरी अडचण त्यापुढची होती. अतिवृष्टीच्या इशाऱ्याची बातमी आली की मनात हुरूप येतो आणि लगेच स्वतःची किळस वाटते, हेही त्यांनी पुढच्या भेटीत खाली मान घालून सांगितले. इथे मात्र मी कठोर झाले. जगण्याचे कारण पुढच्या पुरावर टांगून ठेवले, तर मधले महिने ओस पडतात आणि आपद्ग्रस्तांकडेही आपण स्वतःच्या औषधासारखे पाहू लागतो. ताजे दुःख किंवा व्यसन असलेल्या माणसाला मी आपत्तीच्या ठिकाणी जाऊ देत नाही. इतरांनीही स्थानिक गटाशी आधी बोलून, आपले अन्नपाणी आणि गमबूट घेऊन, लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधाबद्दल डॉक्टरांना विचारूनच जावे, कारण नुसत्या उत्साहाने आलेल्या गाड्या रस्ता अडवतात आणि तिथल्याच तुटपुंज्या पाण्यावर भार टाकतात.

मग आम्ही त्याच कामाचे लहान, नेमाचे रूप शोधले. घराजवळच्या एका संस्थेत लोकांनी दिलेली उरलेली औषधे गोळा होतात. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन काका मुदतीच्या तारखेनुसार त्यांची मांडणी करतात आणि ज्याची मुदत आधी संपणार ते आधी बाहेर काढून फार्मासिस्टच्या हाती देतात. भाच्याच्या गटासाठी दर मे महिन्यात ते पावसाळ्यापूर्वीची यादी तयार करतात. तिच्यात विळी पहिल्या पानावर असते.

एका भेटीला मी काकूंनाही बोलावले होते. त्या फणकाऱ्यानेच म्हणाल्या, “तिथे शेकडो घरांचं सामान लावलं म्हणे. इथे चहाची पूड कुठल्या डब्यात आहे, हे मला रोज ओरडून सांगावं लागतं.” काका ओशाळून हसले. पुढच्या महिन्यात काकूंचा फोन आला, तेव्हा तक्रार बदललेली होती: स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आता चिठ्ठी आहे आणि तूरडाळ काढली की वहीत लिहावे लागते.