अंगणाच्या कोपऱ्यात पाच-पाच फुटांची जागा आहे, फुलांचा वाफा कसा करावा?

कोणती फुलं लावू, असं तुम्ही विचारलंय. फुलांची नावं जरा बाजूला ठेवा आणि पहिला दणक्याचा पाऊस आला की छत्री घेऊन त्या कोपऱ्यात उभे राहा. पागोळ्या कुठं पडतात, पाणी किती वेळ तुंबतं ते बघा. माती काळी, एक भिंत मातीची आणि शेजारच्या बकऱ्या मोकाट, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावचा. आमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच असतं.

आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. वावरात कपाशीला ती मानवते, पण झेंडू-शेवंतीच्या मुळ्या तिच्यात सडतात. म्हणून वाफा खोदायचा नाही, वीतभर उचलायचा. काठाला जुने कवेलू, म्हणजे छपराची कौलं, उभे रोवा. गावात कुणीतरी कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकलेलाच असतो, ढीग फुकट मिळतो. भर घालताना एक घमेलं काळी माती, एक जाड रेती किंवा बारीक मुरूम आणि एक चांगलं कुजलेलं शेणखत. शेणखत कच्चं असलं तर हुमणी, म्हणजे मुळ्या खाणारी अळी, आलीच समजा.

आकार भाकरीच्या चतकोरासारखा ठेवा. कोपऱ्यात खुंटी ठोका, पाच फूट दोरी बांधा आणि राखेनं रेघ ओढा. भिंतीलगत मात्र फूटभर जागा मोकळी सोडा. भिंतीला माती टेकली की ओल चढते. शिवाय निंदायला मागून हात पोचतो. पुढून वाट सगळेच ठेवतात, मागून कोणी ठेवत नाही.

आता ऊन. पश्चिमेला भिंत असेल तर दुपारनंतर सावली मिळते, तिथं मोगरा, शेवंती बिनधास्त लावा. भिंती उत्तरेला आणि पूर्वेला असतील तर दुपारचं सगळं ऊन त्या कोपऱ्यात तापतं. तिथं सदाफुली, चिनी गुलाब, गुलबाक्षी. भर दुपारी मात्र भिंतीच्या सावलीवर विसंबू नका. मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो, नागपूरला साधारण 26 तारखेला. त्या दिवसांत हिरवी नेट बांधा आणि मातीवर सोयाबीनचं कुटार (भुसा) दोन बोटं जाड पसरा.

मागे गुलबाक्षी, मधे झेंडू, काठाला चिनी गुलाब, एवढ्यात कोपरा भरतो. पाच-सहा जाती कोंबल्या की एकही धड दिसत नाही. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर आषाढीच्या सुमारास बी टाका, महिनाभरात रोपं फूटभर अंतरानं लावा आणि वीतभर झाली की शेंडे खुडा. फूल थोडं उशिरा येतं, पण फांद्या भरपूर फुटतात.

बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, कूड घाला. सदाफुलीला त्या सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण म्हणून कण्हेर लावा असं कोणी सुचवेल, पण घरात रांगतं मूल किंवा दावणीला गुरं असतील तर नकोच, तिचं पान न् पान विषारी. कोंबड्या असतील तर रोपं मूळ धरेपर्यंत वाफ्यावर बोरीच्या काट्या पसरून ठेवा. न्हाणीचं साबणाचं पाणी या वाफ्यात सोडू नका, त्या बाजूला चार कर्दळी लावून द्या.