सॅव्हानाला माळरान म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: मानवाच्या उत्क्रांतीवरच्या एका लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात सॅव्हाना हा शब्द जागोजाग येतो, आणि सध्या वाक्य लिहून ठेवलंय ते असं, "पूर्व आफ्रिकेतली जंगलं आटली आणि आपले माकड-पूर्वज झाडावरून उतरून माळरानावर आले." तर माळरान बरोबर, की गवताळ प्रदेश, की कुरण?

कुरण आधी बाजूला काढू. कुरण म्हटलं की गुरं आली, गुराखी आला, राखलेलं गवत आलं, आणि ६० लाख वर्षांपूर्वी गवत राखायला होतं कोण!

गवताळ प्रदेश चूक नाहीये पण फार सैल आहे, शाळेच्या भूगोलात प्रेअरी, स्टेप, पंपास सगळ्यांना आपण तेच म्हणतो. राहिलं माळरान. मला स्वतःला हा शब्द प्रचंड आवडतो, नाद आहे त्याला, पण माळ म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं ते उघडं, कोरडं, मुरमाड, सावलीला झाड शोधावं लागेल असं काहीतरी. सॅव्हानात गवत सगळीकडे असतं हे खरं, पण झाडंही असतात, फक्त एकमेकांना खेटून नसतात, वर पानांचं छप्पर मिटत नाही त्यामुळे ऊन खाली गवतापर्यंत पोचतं. आणि तुमच्या लेखाचा विषय बघता इथे झाडं गाळून चालणारच नाही, कारण या विषयातलं निम्मं भांडण झाडं किती होती यावरच आहे.

थोडं मागे जातो. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगला माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या लहान मुलाची कवटी सापडली, शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्टने १९२५ साली तिला ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस असं नाव दिलं, आणि त्याचं म्हणणं साधारण असं की घनदाट वनात कपीला (म्हणजे चिंपांझी, गोरिला यांच्या जातकुळीतल्या एपला) आयतं खायला मिळतं, उघड्यावर मात्र डोकं चालवावं लागतं, तेव्हा माणूस घडायला उघडी जागाच हवी. ही कल्पना इतकी रुजली की पुढे कित्येक वर्षं दोन पायांवर चालण्यापासून हत्यारांपर्यंत सगळं "झाडं गेली, गवत आलं" या एका वाक्यात बसवलं गेलं. तुमच्या लेखातलं वाक्य त्याच घराण्यातलं आहे.

मग आली आर्डी. इथिओपियात आरामिस इथे पुरामानवशास्त्रज्ञ टिम व्हाइटच्या टीमला सापडलेली आर्डिपिथेकस रॅमिडस, हीसुद्धा आपली प्राचीन नातलग, वय ४४ लाख वर्षं, सविस्तर वर्णन छापून आलं २००९ मध्ये. तिच्या कंबरेच्या हाडावरून ती दोन पायांवर चालत असावी असं त्यांनी मांडलं, पण पायाचा अंगठा मात्र बाजूला वळलेला, फांदी पकडता येईल असा! सोबत सापडलेल्या प्राण्यांत कुडू हरणं आणि झाडावर राहणारी कोलोबस माकडं भरपूर. म्हणून व्हाइटच्या टीमने लिहिलं की ही विरळ वनात राहायची, सॅव्हानाची गोष्ट आता सोडा.

पुढच्याच वर्षी भूरसायनशास्त्रज्ञ थुरे सर्लिंग आणि इतरांनी उलट उत्तर दिलं. त्यांची पद्धत भारी आहे. उष्ण भागातली बहुतेक गवतं आणि झाडंझुडपं हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने पकडतात (सी-४ आणि सी-३ म्हणतात त्यांना), त्यामुळे या गवतांत कार्बन-१३ थोडा जास्त उतरतो, आणि तो हिशोब पुढे चरणाऱ्या प्राण्यांच्या दातांच्या एनॅमलमध्ये (वरच्या कठीण थरात) आणि जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांमध्ये लाखो वर्षं जसाच्या तसा राहतो. तर सर्लिंग मंडळींचं म्हणणं, आरामिसच्या मातीतले आकडे बघता झाडीचं आच्छादन २५ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे ही सॅव्हानाच.

आता यात शब्दाचा घोळ कसा आहे बघा. मोकळी जागा होती आणि झाडंही होती हे दोघांनाही मान्य, वाद आकड्याचा तर आहेच, पण त्या आकड्याला नाव काय द्यायचं याचाही आहे. आफ्रिकेतल्या वनस्पतींच्या १९८३ च्या युनेस्को वर्गीकरणात झाडांचं आच्छादन १० टक्क्यांच्या आत असेल तर गवताळ प्रदेश, १० ते ४० मध्ये झाडं असलेला गवताळ प्रदेश, आणि ४० च्या वर गेलं की विरळ वन. सर्लिंगने २०११ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या गेल्या ६० लाख वर्षांच्या जुन्या मातीचा असाच हिशोब मांडला तर पुरामानवांच्या बहुतेक जागा ४० टक्क्यांच्या आतच निघाल्या. आता सॅव्हाना म्हणजे फक्त पहिला प्रकार असं धरलं तर यातल्या बऱ्याच जागा त्यात बसतीलच असं नाही, दुसराही धरला तर बसतात! आणि मराठीत माळरान लिहिलंत की तुम्ही नकळत पहिला प्रकार निवडता.

गंमत म्हणजे मूळ सॅव्हाना शब्दालाही झाडं नव्हती. हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, स्पॅनिशमधून जगभर गेला, आणि १५३५ मध्ये ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश इतिहासकाराने त्याचा अर्थ दिला तो झाडं नसलेली, गवत भरपूर असलेली जमीन असा. झाडं या शब्दात नंतर उगवली.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं झालं. आपला जंगल हा शब्द संस्कृत जांगलवरून आलाय, आणि जांगल म्हणजे दाट झाडी अजिबात नव्हे. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार सांगतात, जांगल, आनूप आणि साधारण, त्यातला आनूप म्हणजे पाणथळ, दाट, आणि जांगल त्याच्या विरुद्ध. चरकसंहितेतलं जांगल देशाचं वर्णन वाचा एकदा, मोकळं आकाश जास्त, खैर, बोर, शमी असली झाडं, कोरड्या वाऱ्याने नाचणाऱ्या कोवळ्या फांद्या, मृगजळ, लावे आणि तित्तिर. झाडं आहेत पण छप्पर नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं अरे ही तर सॅव्हाना! म्हणजे एक शब्द बोडका निघाला आणि झाडं घेऊन बसला, दुसरा विरळ झाडीतून निघाला आणि घनदाट होऊन बसला. (रान तर त्याहून अवघड, अरण्यावरून आलेला शब्द, पण "रानात गेलाय" म्हणजे शेतात गेलाय असंही होतं, त्यामुळे माळरानातलं रान झाडीची भरपाई करेल अशी आशा ठेवू नका.)

मग जांगल वापरायचं का? मोह मलाही होतो, पण नका वापरू. वाचक जंगल वाचणार आणि अर्थ शंभर टक्के उलटा होणार, शिवाय तुमच्या वाक्यात शेजारीच जंगल बसलंय.

माझं मत, सॅव्हाना सरळ सॅव्हाना ठेवा, आता तो ओळखीचा शब्द आहे, आणि पहिल्यांदा येईल तिथे "विरळ झाडीचा गवताळ प्रदेश" असं जोडून द्या. लेखात वुडलंडही येत असणार, त्याला विरळ वन, आणि फॉरेस्टला घनदाट वन, हे तीन वेगळे राहिले पाहिजेत, तिन्हींना जंगल केलंत तर वरचं सगळं भांडण वाचकाला दिसणारच नाही. माळरान अगदीच सोडवत नसेल तर जिथे खरोखर झाडं नाहीत अशा १० टक्क्यांच्या आतल्या जागेला वापरा, तिथे ते शोभेल.

बाकी वाक्यातलं "आटली" खटकतं, आटतं ते पाणी नाहीतर दूध, जंगलं विरळ होतात. "उतरून आले" हेही जपून, मूळ लेखकाला तसंच म्हणायचं असेल तर ठेवा, पण आर्डीच्या अंगठ्यावरून तरी वर-खाली ये-जा बराच काळ चालू असावी असं दिसतं. मी असं लिहीन, "पूर्व आफ्रिकेतली घनदाट वनं विरळ होत गेली आणि आपले पूर्वज सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशात, जमिनीवर जास्त वावरू लागले." माकड काढलंय ते मुद्दाम, आपण आणि माकडं वेगवेगळ्या फांद्या आहोत, मूळ लेखात तिथे एप असेल तर कपी लिहा.