‘दोन अंशांचा मंगळ’ म्हणजे थोडासा मंगळ?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: ‘मुलीच्या पत्रिकेत मंगळाखाली ७, २, १५, ४० असे आकडे आहेत. घरातले म्हणतात, मंगळ दोनच अंशांचा आहे, म्हणजे सौम्य आहे. अंश म्हणजे भाग, मग दोन अंश म्हणजे तिसात दोन, जवळजवळ नाहीच, असा अर्थ घ्यायचा का? आणि कुंडलीच्या चौकटीत मंगळाच्या घरात ८ लिहिलंय, तक्त्यात मात्र ७. चूक कुठली धरायची?’

चूक कुठलीच नाही, आणि मंगळ थोडासाही नाही. इथला अंश ‘किती’ हे सांगत नाही, ‘कुठे’ हे सांगतो. बाकीचा घोळ आपल्या भाषेने घातलेला आहे, आणि तो नीट उलगडून पाहण्याजोगा आहे.

आधी आकडे वाचू. हाताने लिहिलेल्या जुन्या पत्रिकांत ‘स्पष्टग्रह’ नावाचा तक्ता असतो. वर र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के अशी आद्याक्षरं आणि प्रत्येकाखाली एकाखाली एक चार आकडे. आमच्या आजोबांच्या हातच्या पत्रिकांत हे रकाने तांबड्या शाईने आखलेले असत आणि आकडे काळ्या. त्या चार ओळी म्हणजे राशी, अंश, कला, विकला. राशी १२, एका राशीचे ३० अंश, एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चक्र ३६० अंशांचं.

यातली मेख पहिल्या आकड्यात आहे. तक्त्यातला ७ हा गतराशींचा आकडा. मेषेपासून सात राशी पूर्ण ओलांडून झाल्या, म्हणजे मंगळ आठव्या राशीत, वृश्चिकेत आहे. चौकटीतला ८ चालू राशीचा. मूल सात वर्षांचं झालं की त्याला आठवं लागतं, तसंच हे. म्हणून ७।२।१५।४० हे असं वाचायचं: मंगळ वृश्चिकेत २ अंश, १५ कला, ४० विकलांवर. बारकाईने बोलायचं तर दोन अंश ओलांडून तो तिसऱ्या अंशात चालू आहे.

आता शब्दाकडे. अंश म्हणजे भाग, हिस्सा, वाटा, हे तुमचं अगदी बरोबर. अपूर्णांकात आपण अंश आणि छेद म्हणतो, ‘त्यात तथ्याचा अंशही नाही’ म्हणतो, ‘मागणी अंशतः मान्य’ म्हणतो. या सगळ्यात अंश म्हणजे थोडकं काहीतरी. तोच शब्द कोनाच्या मापालाही लागला, कारण वर्तुळाचे ३६० सारखे भाग केले, त्यातला एक भाग तो अंश. संस्कृत ज्योतिषात यालाच सरळ ‘भाग’ही म्हणत. सूर्यसिद्धान्तातला श्लोकच आहे: ‘विकलानां कला षष्ट्या तत्षष्ट्या भाग उच्यते । तत्त्रिंशता भवेद्राशिर्भगणो द्वादशैव ते ॥’ म्हणजे हा भाग चक्राचा आहे, राशीपट्ट्याचा आहे. ग्रहाचा नव्हे. तुमच्या घरच्यांनी तो मंगळाचा भाग धरला, तिथे अर्थ निसटला.

आणि तो निसटायला आपला ‘-चा’ हा प्रत्यय हातभार लावतो. पाच तोळ्यांचा हार, दोन किलोंचा फणस, साठ अंशांचा कोन: ‘-चा’ लावला की आकडा त्या वस्तूचं माप होतो. ‘दोन अंशांचा मंगळ’ म्हटलं की कानाला मंगळाचं वजन केल्यासारखं वाटतं. ‘दोन अंशांवरचा मंगळ’ म्हणा, शंका उरणारच नाही. पत्रिका सांगणाऱ्या जाणत्या मंडळींच्या तोंडीही ‘-चा’ येतो, पण त्यांच्या मनात ‘-वर’ असतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो नसतो, आणि लग्नाच्या बोलणीत एका प्रत्ययावरून मुलीच्या पत्रिकेला सौम्य-कडक अशी लेबलं चिकटतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मंगळाची पत्रिका ठरते ती स्थानावरून: लग्नस्थान म्हणजे पत्रिकेतलं पहिलं घर, आणि चौथं, सातवं, आठवं, बारावं यांत मंगळ आहे का, यावरून. अंश कमी म्हणून मंगळ कमी, असा नियम त्यात नाही.

अरबांनी हाच कोन मोजताना भाग न म्हणता ‘दरजा’ म्हटलं, म्हणजे पायरी. युरोपातही लॅटिनमधल्या पायरीच्याच शब्दावरून ‘डिग्री’ आली. हा दरजा फारसीतून आपल्याकडे ‘दर्जा’ होऊन नांदतो आहे, फक्त कोन सोडून प्रतिष्ठेच्या कामाला लागला. पत्रिकेतल्या अंशाची कल्पना करायला मला ही पायरीच जास्त सोयीची वाटते. राशी म्हणजे तीस पायऱ्यांचा जिना, मंगळ तिसऱ्या पायरीवर उभा. तिसऱ्या पायरीवरचा माणूस विसाव्या पायरीवरच्या माणसापेक्षा लहान नसतो. (कलेला संस्कृतात ‘लिप्ता’ असाही शब्द आहे, तो ग्रीक ‘लेप्टॉन’वरून आलेला. होरा, केंद्र, द्रेष्काण ही त्याच वाटेने आलेली मंडळी.)

मग अंशांवरून बळ कधीच पाहत नाहीत का? पाहतात, पण कमी अंश म्हणजे कमी बळ अशा सरळ हिशेबाने नाही. चंद्राचं परमोच्च, म्हणजे सगळ्यांत जास्त बळाचं ठिकाण, वृषभेच्या तिसऱ्या अंशावर मानतात, रवीचं मेषेच्या दहाव्यावर, शुक्राचं मीनेच्या सत्ताविसाव्यावर. चंद्र वृषभेत तीन अंशांवर असेल तर त्याला ‘नुसता तीन अंशांचा’ म्हणणं म्हणजे शास्त्राच्या नेमकं उलट बोलणं. ग्रहांच्या अवस्था मोजतात तेव्हा सहा-सहा अंशांचे पाच टप्पे करतात: बाल, कुमार, युवा, वृद्ध, मृत. विषम राशीत हा क्रम सुलटा, सम राशीत उलटा. वृश्चिक सम, म्हणून तिथे पहिल्या सहा अंशांतला ग्रह ‘मृत’ अवस्थेत लिहितात. तुमच्या पत्रिकेत तो शब्द दिसला तर घाबरू नका. टप्प्याचं ते पारिभाषिक नाव आहे, त्यात कुणाच्या जिवाचा संबंध नाही.

घोळ वाढवणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘अंशात्मक युती’. ‘अंशतः’ आणि ‘आंशिक’ कानात बसलेले, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की ही अर्धवट युती. अर्थ बरोबर उलटा आहे. दोन ग्रह एका राशीत असले की युती, आणि त्यांचे अंशही जवळजवळ एकच असले की अंशात्मक युती. म्हणजे सगळ्यांत नेमकी, सगळ्यांत घट्ट. एकाच शब्दापासून निघालेले ‘अंशतः’ आणि ‘अंशात्मक’ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

आणि नवांश? तिथे अंश पुन्हा आपल्या मूळ अर्थावर, म्हणजे वाट्यावर येतो. नवांश म्हणजे राशीचे नऊ वाटे, एकेक ३ अंश २० कलांचा. या एका वाक्यात अंश दोन वेगळ्या अर्थांनी आला आहे, एकदा वाटा म्हणून आणि एकदा माप म्हणून. नक्षत्राचा चरण, म्हणजे चौथा भाग, हाही नेमका ३ अंश २० कलांचाच, म्हणून चरण कळला की नवांश कळतो. तुमच्या मंगळाचे २ अंश १५ कला वृश्चिकेच्या पहिल्या वाट्यात पडतात. तो विशाखेचा चौथा चरण, नवांश कर्क. मंगळ वृश्चिकेत स्वराशीचा, पण नवांशात कर्केचा, म्हणजे नीच राशीत, जिथे त्याचं बळ सगळ्यांत कमी मानतात. ज्योतिषी त्या दोन अंशांतून जे वाचतो ते हे.

हे वाचण्याआधी एक गोष्ट मात्र पाहावी लागेल: पत्रिका कुठल्या पंचांगाच्या गणिताने केली आहे. मेषेचा आरंभ कुठे धरायचा यावर महाराष्ट्रात दोन पक्ष आहेत. दाते पंचांग आणि बहुतेक सगळी चित्रापक्ष मानतात, टिळक पंचांग रैवतपक्ष. वसंतसंपाताच्या बिंदूपासून मेषेच्या आरंभापर्यंतचं अंतर म्हणजे अयनांश, आणि दोघांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. तुमची पत्रिका चित्रापक्षी असेल तर रैवतपक्षाने हाच मंगळ वृश्चिकेत सहा अंशांच्या थोडा पुढे दिसेल. मंगळ तिप्पट झाला असं कुणी म्हणणार नाही. मात्र तो विशाखेतून अनुराधेच्या पहिल्या चरणात जाईल आणि नवांश कर्केचा सिंह होईल.

तेव्हा पत्रिकेच्या डोक्यावर, जन्मवेळ आणि स्थळाच्या आसपास, ‘अयनांश’ असं लिहिलेलं शोधा. मुलगी लग्नाच्या वयाची आहे, म्हणजे आकडा २३-२४ च्या घरात असेल तर चित्रापक्ष, १९-२० च्या घरात असेल तर रैवत. मुलाकडच्यांची पत्रिकाही त्याच पक्षाची आहे ना, तेवढं पाहून मग दोन्ही नवांश शेजारी मांडा.