गल्ल्यात खिशातले पैसे टाकू नकोस

अरे, तुझा मेसेज परवाच वाचला, पण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज चालू होतं म्हणून आज ट्रेनमध्ये बसून लिहितेय. ताई, प्रोग्रॅमिंगसाठी पायथन शिकू का जावास्क्रिप्ट, असं विचारलंस. कुठलंही एक घे आणि वर्षभर सोडू नकोस, बास. मला वेगळंच सांगायचंय.

आमच्या घरात कोणी इंजिनियर नव्हतं. कोपरीत बाबांचं किराण्याचं दुकान, रात्री शटर अर्धं ओढून ते रोजमेळ मांडायचे. एकदा शिल्लक ४० पैशांनी जुळेना, आई म्हणाली टाका की खिशातले आणि चला जेवायला, तर बाबा म्हणाले, आज टाकले तर चूक उद्यापण वहीत बसलेलीच असणार. साडेअकराला सापडली, साबणाच्या ६५ पैशांचे २५ लिहिले होते. आमटी पार गार.

आणि मी पहिल्याच नोकरीत, ऐरोलीला, काय केलं? बिलिंगमध्ये रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांत ठेवलेल्या, महिनाअखेरीला टोटल दोनचार पैशांनी हुकायची, मी शेवटी एक राउंड लावला, म्हणजे आकडा जवळच्या आकड्याला टेकवला, आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, क्लोज. पुढच्या महिन्यात तेच तिकीट परत, आता फरक रुपयांत. मग कुठे नीट बसले. तू पण करून बघ, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ टाक, ०.३०००००००००००००००४ येतं, कारण कॉम्प्युटर दोनच्या पटीत मोजतो आणि त्याच्याकडे एक दशांश कधी पुरा लिहून होतच नाही, आपलं एक तृतीयांश नाही का ०.३३३ करत संपत नाही, तसंच. म्हणून रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांतच ठेवायची. माझा तो राउंड म्हणजे खिशातले ४० पैसेच की!

आता बग, म्हणजे कोडमधली चूक, आला की कोडला हात लावायच्या आधी तो मुद्दाम घडवून बघते आणि काय काय झालं ते क्रमाने वहीत लिहिते. ही सवय खरं तर ठाण्याच्या खाडीवर पक्षी बघताना लागली, २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं ना, तिथे. आधी लांबूनच 'मोठा रोहित' (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) म्हणून मोकळी व्हायचे, आणि एकदा नाव घेतलं की डोळ्याला तेच दिसतं. आता आधी चोच लिहिते, गुलाबी आणि टोक काळं तर मोठा, सगळीच गडद तर धाकटा.

तुला वेळ असेल तर जानेवारीत ये, भरती बघून ऐरोलीहून बोट घेऊ. वही आण. पेनं दोन आण, एक पाण्यात पडतंच.