कंट्रोलर नंतर, आधी कान

पोरा,

तुझी यादी वाचली. डीजे व्हायचंय म्हणून वर पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं बटणांचं यंत्र, मग स्पीकरची जोडी, मग लाइटिंग, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात 'हेडफोन, घरातला चालेल'. सगळं हप्त्यावर आणि सगळं गणपतीच्या आत. शेवटी प्रश्न असा की हाच घेऊ, का थोडं थांबून मोठा घेऊ?

हेडफोन तळाशी बघून मला राग आला. तुझी काळजीही वाटली. फोनवर तू 'हो काका' म्हणतोस आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

तुझ्या मामेबहिणीच्या हळदीत मी तुला पाहिलं होतं. वाजवणाऱ्याने कोळीगीतावर हिंदी रिमिक्स चढवलं आणि दोन्ही ठेके एकमेकांत अडकले. नाचणारे नाचतच राहिले. तू मात्र जेवता जेवता मान वर केलीस, तोंड वाकडं केलंस. त्या मांडवात ते ज्यांना टोचलं त्यात तू होतास. हे ज्याला फुकट मिळालंय त्याने आधी ते वाढवायचं की कर्ज काढून बटणं घ्यायची? आधी कान. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

तुझा जुना लॅपटॉप पुरेल. मिक्स नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, स्पेलिंगमध्ये तीन एक्स असतात. ते पूर्ण फुकट आहे, विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. दोन डेक म्हणजे गाणी लावायच्या दोन जागा, पिच म्हणजे वेगाची पट्टी, जाड-बारीक आवाज कमीजास्त करायला इक्वलायझर, रेकॉर्डिंग, सगळं त्यात आहे. अडचण एकच. लॅपटॉपला हेडफोनची जागा एक, आणि आपल्याला आवाज दोन वाटांनी लागतो: चालू गाणं लोकांना, पुढचं गाणं फक्त आपल्या कानात. त्यासाठी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घे, काहीशे रुपयांत मिळतं. स्पीकर लॅपटॉपच्या मूळ जागेत लाव, हेडफोन साउंड कार्डात, आणि सेटिंगमध्ये मास्टर, म्हणजे लोकांना जाणारा आवाज, एकीकडे, हेडफोन दुसरीकडे दे. झालं तुझं दुकान सुरू.

आणि हेडफोन चांगला घे. बंद कपाचा, वायरचा. ब्लूटूथचा अजिबात नको. त्यात आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, मग तू काय जुळवतोयस ते तुलाच कळणार नाही.

आता सराव. एकच गाणं दोन्ही डेकवर लाव. एकाचा वेग दोन टक्क्यांनी वाढव. बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याचा आकडा आणि स्क्रीनवरच्या त्या रंगीत लाटा, दोन्हींवर कागद चिकटव. मग दुसऱ्याचा पिच सरकवत नुसत्या कानाने बीट बसव. १२० आणि १२१ यांत फरक एकाचाच, पण अर्ध्या मिनिटात एका गाण्याची टाळी दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडते. मिनिट भरलं की अख्ख्या ठोक्याचा फरक. दोन किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके, नीट बसल्या की एकच जाड किक ऐकू येते. सरकायला लागल्या की घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज येतो. तो आवाज पहिल्यांदा कुठे सुरू झाला ते पकडायचं, आणि मागे कोण पडलंय ते ओळखायचं. सुरुवातीला उलट्या बाजूला सरकवशील. सरकव. आणखी बिघडलं की आपोआप कळतं. महिनाभर रोज हे केलंस, तर हप्त्यावरच्या कुठल्याही यंत्राने येणार नाही ते तुझ्या हातात येईल.

वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे की, असं तू म्हणणार. आहे. क्लबमधल्या १२६च्या हाऊस गाण्यावर १२८चं हाऊस ते बरोबर चढवेल, कारण ती गाणी संगणकावर बनलेली, शेवटपर्यंत ठोका हलत नाही. पण तुला सुपाऱ्या कसल्या मिळणार आहेत? हळदी, वराती, जत्रेतला कार्यक्रम. तिथे लोक जुनं कोळीगीत मागतात, ढोलकीवरची लावणी मागतात. ती गाणी माणसांनी बसून वाजवलेली आहेत. ढोलकीवाला अंतऱ्यात रेटतो, मुखड्यावर येताना सैल सोडतो, आणि नाचणाऱ्याचा पाय त्यावरच उचलतो. सरासरी वेग धरून सॉफ्टवेअर सरळ रेघा आखतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत रेघ एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे. शिवाय बरीच कोळीगीतं दादऱ्यासारखी सहाच्या चालीत असतात आणि क्लबचं गाणं चाराच्या. स्क्रीनवर आकडे सारखे दिसले तरी ती एकमेकांवर बसत नाहीत. परवा हळदीत तेच झालं. तिथे मिक्स करण्याचा अट्टहास सोडायचा. कडवं संपलं की हलगीचा किंवा ताशाचा एक मोकळा तुकडा टाकायचा, त्याच्या आड पहिलं गाणं सोडायचं आणि दुसरं बरोबर समेवर उचलायचं. सम कुठे आहे हे कोणतं बटण सांगेल तुला? कानच सांगणार.

ज्यांनी हे काम घडवलं त्यांच्याकडे काय होतं ते बघ. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. एका इमारतीच्या करमणुकीच्या खोलीत कूल हर्क या डीजेच्या बहिणीने पार्टी ठेवली. शाळेचे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश. हर्क अठरा वर्षांचा. गाणं थांबून नुसता ठेका उरतो, त्या तुकड्यावर लोक पेटतात हे त्याने हेरलं, आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तुकडा लांबवला. ग्रँडमास्टर फ्लॅश हा दुसरा डीजे रेकॉर्डवर रंगीत खडूने खूण करायचा, तुकडा कुठून उचलायचा ते कळावं म्हणून. त्यांच्यासमोर बीपीएम सांगणारा पडदा नव्हता. लोकांचे पाय आणि स्वतःचे कान, एवढ्यावर त्यांनी हे उभं केलं.

कान वापरायचा तसा जपायचाही. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. विसर्जनाच्या गाडीवर स्पीकरच्या भिंतीलगत आम्ही तासन् तास उभे राहायचो. माझ्या डाव्या कानात आता कायम शिट्टी वाजते, रात्री पंखा बंद केला की जास्तच. झांजेचा वरचा आवाज त्या कानाला पोचत नाही. तो परत मिळणार नाही, आणि त्याचं दुःख मला रोज होतं. इअरप्लग पहिल्या कार्यक्रमापासून लाव. यावर वाद घालू नकोस.

स्पीकरच्या भिंतीच्या सुपाऱ्या मी सोडल्या तेव्हा लोक म्हणाले, याचं वय झालं. वयाचा काही संबंध नव्हता. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ते सगळं धाब्यावर बसवून खिडक्या हादरवायच्या, लहान मुलं-म्हातारी माणसं कान दाबून आत पळतात ते बघायचं, आणि स्वतःला कलाकार म्हणवायचं? मला ते जमणार नाही, तेव्हाही जमलं नाही. आज मी कार्यालयात दोन टॉप आणि एक बेस अशा तीनच स्पीकरवर वाजवतो आणि लोक शेवटपर्यंत नाचतात. सिंक वापरत नाही म्हणून मला हट्टी म्हणणारेही आहेत. नवरदेवाचा भाऊ ऐनवेळी फोन पुढे करून 'हेच लावा' म्हणतो तेव्हा ते गाणं कुठल्या सॉफ्टवेअरने आधी तपासलेलं नसतं. तिथे माझा हट्टच कामाला येतो. तो मी सोडणार नाही, आणि तूही धर असं माझं म्हणणं आहे.

गाण्यांचंही तेच. कुणाकडून हजारो गाण्यांचा पेनड्राइव्ह भरून घेऊ नकोस. पन्नास गाणी घे, चांगल्या दर्जाच्या फाइली, आणि प्रत्येकाचं तोंड, कडवं, शेवट पाठ कर. दोन गाणी एकत्र चालू असताना एकाचा बेस पूर्ण खाली घे. दोन बेस भिडले की चिखल होतो. मीटर लाल होऊ देऊ नकोस. आवाज फाटला की लोकांना त्रास, आणि बारीक आवाजाचा स्पीकर, ट्वीटर, जळला की भुर्दंड तुला.

कंट्रोलर घेऊच नकोस असं नाही. घे, जुना घे, रोख घे. डीडीजे-२०० स्वस्तात मिळाला तर लक्षात ठेव, त्यात साउंड कार्ड नसतं. डीडीजे-४००मध्ये असतं, हर्क्युलिसच्या इनपल्स २००मध्येही असतं. स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा, यूएसबीची जागा हलवून बघ, प्रत्येक फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, सरकवताना खरखर येते का ते ऐक. म्हणजे तिथेही कानच लागणार.

त्याआधी एक काम. स्क्रीनवर कागद ठेवून अर्धा तास वाजव आणि रेकॉर्ड कर. चुका कापायच्या नाहीत. मग स्वतः ऐक आणि बीट जिथे जिथे सरकली तिथला मिनिट-सेकंद लिहून काढ. रेकॉर्डिंग मला पाठव, तुझी यादी मात्र तुझ्याकडेच ठेव. मीही माझी यादी काढतो. दोन्ही याद्या जुळल्या की कंट्रोलर बघायला आपण बरोबर जाऊ. भाव पाडायचं माझ्याकडे लागलं.

तुझा,
काका