दोन मीटर, दोन आकडे, खरा कुठला?

प्रश्न: पॉवर सप्लायमधून काढलेला १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे. मल्टिमीटर ९८० दाखवतो आणि नवीन एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणारा) १ किलोहर्ट्झवर ७८० च्या आसपास. कुठला मीटर गंडलाय? आणि कपॅसिटर ठेवू की फेकू?

उत्तर: गंडलेला कुठलाच नाही. कपॅसिटन्स थेट कुणीच मोजत नाही, दोघंही मोजतात व्होल्टेज आणि करंट, पुढे सगळा हिशोब, आणि हिशोबाची रीत दोघांची वेगळी.

रेझिस्टन्सचं सोपंय, ठराविक करंट सोडा, किती व्होल्ट आले बघा, भागाकार करा, झालं. कपॅसिटरला मल्टिमीटर बहुतेक वेळा डीसीने चार्ज करतो आणि व्होल्टेज चढायला किती वेळ लागला त्यावरून आकडा काढतो, म्हणून तर मोठा कपॅसिटर लावला की बिचारा जरा वेळ विचार करत बसतो.

एलसीआर मीटर एसी सोडतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे इम्पिडन्स, एसीला होणारा एकूण अडथळा, शिवाय दोघांच्या फेजमध्ये किती अंशांचा फरक आहे तेही बघतो. आदर्श कपॅसिटरमध्ये करंट ९० अंश पुढे असतो, पण तसला कपॅसिटर फक्त पुस्तकात. खऱ्याच्या पोटात थोडा रेझिस्टन्स असतोच, त्याला ईएसआर म्हणतात, त्यामुळे कोन ९० ला कमी पडतो आणि त्यावरूनच मीटर दोन्ही भाग वेगळे करतो.

आता तुमची भानगड. १ किलोहर्ट्झवर ९८० मायक्रोफॅरडचा रिअॅक्टन्स, म्हणजे नुसत्या कपॅसिटन्सचा एसीला होणारा अडथळा, जेमतेम ०.१६ ओहम. ईएसआर ०.०८ ओहम असला तरी तो त्याच्या निम्मा झाला, आणि अशा वेळी मीटर पॅरलल मोडमध्ये असेल (रेझिस्टन्स कपॅसिटरला समांतर धरून हिशोब; सिरीजमध्ये तो एकापाठोपाठ धरतात) तर सिरीजपेक्षा आकडा सव्वापट कमी येतो. ९८० ला सव्वाने भागा, ७८४! स्क्रीनवर सीपी, म्हणजे पॅरलल मोडची खूण, लिहिलेलं असणार, पैज लावतो. (इलेक्ट्रोलिटिकचा कपॅसिटन्स फ्रिक्वेन्सी वाढली की मुळातच थोडा उतरतो, ते वेगळं.)

तर मीटर १०० किंवा १२० हर्ट्झवर घ्या, मोड सिरीज म्हणजे सीएस. डेटाशीटमधला आकडाही साधारण याच फ्रिक्वेन्सीचा असतो. तिथे रिअॅक्टन्स १.६ ओहम होतो, ईएसआरची लुडबुड संपते. त्याआधी प्रोब एकमेकांना टेकवून शॉर्ट करेक्शन करा, कारण वायरींचाच ०.१ ओहम सहज निघतो. आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच लावा हो, नाहीतर मीटरचाच धूर निघायचा.

ठेवायचा का, हे मात्र नुसत्या कपॅसिटन्सवरून ठरत नाही. १०० किलोहर्ट्झवर बघा, तिथे रिअॅक्टन्स ०.००१६ ओहम म्हणजे जवळजवळ गायब, उरतो तो ईएसआर. इलेक्ट्रोलाइट सुकायला लागलं की हा वाढतो, कपॅसिटन्स ठीकठाक दिसत असतानाही. त्याच व्हॅल्यूचा, त्याच व्होल्टेजचा नवा कपॅसिटर शेजारी ठेवून मोजा, जुन्याचा ईएसआर दुप्पट-तिप्पट निघाला तर त्या ९८० कडे बघून जीव अडकवू नका, फेका.