फराळातून उरलेल्या वेळात दिवाळी अंक वाचून होत नाही

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. वय ४१, बँकेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई, नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. दिवाळीचे आठही पदार्थ मी एकटी करते, तेही शेवटच्या चार रात्रींत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ओट्याशी उभं राहवत नाही, पण विकतचा फराळ म्हटलं की त्या गप्प होतात. नवरा दर वर्षी म्हणतो, ‘कशाला करतेस, आणू की!’ आणि विषय तिथेच संपतो. गेल्या वर्षी रात्री अकरानंतर चकल्या मोठ्या आचेवर भराभर तळल्या आणि गरमच डब्यात भरल्या. भाऊबीजेला त्या मऊ पडल्या होत्या. जाऊबाई सगळ्यांसमोर बोलल्या. ते लागलंच, पण त्याहून जास्त लागतं ते वेगळं. लग्नाआधी दिवाळी अंक आणि नाटक हे माझं सगळ्यात मोठं सुख होतं. गेली सहा वर्षं आणलेले अंक होळीपर्यंत टीपॉयखाली पडून असतात. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या गर्दीचा गलका ऐकू येतो तेव्हा माझ्या हातात झारा असतो. फराळ बंद करू, की वाचनाचा नाद सोडू?
– झाऱ्यात अडकलेली

उत्तर :

ताई, दोन्ही सोडू नका. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. चकली मऊ पडली ती हात वाईट म्हणून नाही, रात्रीचे अकरा वाजले होते म्हणून. अंक पडून राहिले तेही त्याच कारणानं. तेव्हा चकलीपासूनच सुरुवात करू.

मोठ्या आचेवर चकली बाहेरून पटकन लाल होते, पण आतलं पाणी तसंच राहतं. पुढच्या दोन दिवसांत ते बाहेरच्या कडक भागात उतरतं आणि चकली सादळते. गरम असताना डबा बंद केला की झाकणाखाली वाफ धरते, ती वेगळीच. चकली टाकताना तेल चांगलं तापलेलं हवं. घाणा टाकल्यावर आच मध्यम करायची आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही. रंगावर जाऊ नका, बुडबुड्यांवर जा. काढल्यावर कागदावर उभ्या आडव्या पसरून तासभर पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. एवढं करूनही मऊ पडल्या, तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गार करा. परत कुरकुरीत होतात.

भाजणीचं एक भरवशाचं प्रमाण देते : तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. सासूबाईंचं वेगळं प्रमाण असेल तर तेच घ्या. त्याचं कारण पुढे येईलच. तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन सुती कापडावर पंख्याखाली वाळवा. भाजतानाही प्रत्येक धान्य वेगळं भाजा, कारण तांदळाला आणि डाळीला लागणारा वेळ सारखा नसतो. धने-जिरे नुसते गरम करायचे. गिरणीत आवर्जून सांगा की गव्हावर दळू नका, नाहीतर भाजणीत कणीक मिसळते आणि चकलीचा खुसखुशीतपणा जातो. एका वाटी भाजणीला एक वाटी पाणी आणि एक मोठा चमचा तेल. पाणी उकळलं की त्यात तेल, तिखट, मीठ, हळद, ओवा, तीळ आणि मग भाजणी घालून अर्धा तास झाकून ठेवा, नंतर चांगलं मळा. पहिली चकली एकटीच तळून बघा. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं आहे, थोडी कोरडी भाजणी मिसळा. तळून कडक झाली तर मोहन कमी पडलं. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि रात्री अकरा वाजता नेमकी हीच पाच मिनिटं कुणाकडे नसतात.

आता वेळेचं. दसऱ्यानंतर साधारण वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन येतं आणि कोजागिरीनंतर पंधरा. हे पंधरा दिवस तुमच्या हातात आहेत. चकली, चिवडा, शंकरपाळी नीट तळली-भाजली असतील तर डब्यात पंधरा-वीस दिवस आरामात टिकतात, त्यांना शेवटच्या रात्रीची गरज नाही. कोजागिरीनंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी फक्त भाजणी करून दळून आणायची. दुसऱ्या शनिवारी दिवसाउजेडी चकल्या, रविवारी चिवडा आणि शंकरपाळी. वसुबारसेच्या आधी एका संध्याकाळी लाडू, दुसऱ्या संध्याकाळी करंज्या. धनत्रयोदशीपासून कढई चढवायची नाही, हा नियम मात्र ठाम ठेवा. त्यात एकदा सूट दिली की पहाटेचा झारा परत तुमच्या हातात येईल.

आठाचे पाच पदार्थ करा. चिरोटे आणि शेव यंदा गाळा. अनारसे विकत आणा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून दळायचे, गुळात कालवून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं आणि एवढं करूनही तुपात टाकल्यावर अनारसा हसला तर सगळी मेहनत वाया. नोकरी करणाऱ्या बाईनं तो ताण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरगुती अनारसे करून देणारी एखादी ताई किंवा बचत गट तुमच्याकडे नक्की सापडेल. दसऱ्याच्या सुमारास आधी पाव किलो मागवून चव बघा, तुपाला किंवा तेलाला खवट वास नाही ना ते बघा, तुमची मागणी कोणत्या दिवशी तळणार ते विचारा आणि मगच नक्की करा.

प्रमाणही कमी करा. तीस पाहुणे आणि प्रत्येकी दोन चकल्या म्हणजे साठ, घरच्यांसाठी वीस. एका वाटी भाजणीत मध्यम आकाराच्या आठ-दहा चकल्या होतात, म्हणजे आठ ते दहा वाट्या भाजणी पुरते. बेसन लाडूला अर्धा किलो रवाळ बेसन, पाव किलो तूप आणि ३७५ ग्रॅम पिठीसाखर घेतलीत की साधारण तीस लाडू होतात. बेसन मंद आचेवर पाऊण तास भाजायचं, शेवटी दोन चमचे दूध शिंपडलं की ते फसफसतं आणि रवाळ होतं. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच मिसळा. गरम असताना मिसळली की साखर विरघळते आणि लाडू बसतात. लोक त्या दिवसांत चार घरी फराळ करून येतात, ताटं भरून पाठवली तरी निम्मं परत डब्यात जातं.

यातलं तुमच्या हातचं काय? चकली आणि लाडू. बाकीचं वाटून द्यायचं, आणि इथे एक शब्द बदला. ‘मदत’ मागू नका. मदत करणारा ‘आता काय करू?’ असं विचारत मागे उभा राहतो आणि डोकं तुमचंच चालत राहतं. पदार्थ द्या, अख्खा.

चिवडा मुलाकडे आणि नवऱ्याकडे. नववीतल्या मुलाला तो सहज जमतो, कारण त्यात पीठ मळणं नाही. अर्धा किलो पातळ पोहे, १०० ग्रॅम शेंगदाणे, ७५ ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप, दहा-बारा मिरच्या, कढीपत्ता. पोहे दोन तास उन्हात, नाहीतर मंद आचेवर हलवत हलवत भाजायचे. आच वाढली की आकसतात. मिरच्या आणि कढीपत्ता फोडणीत पूर्ण कुरकुरीत व्हायलाच हवेत, चिवडा सादळतो तो त्यांच्यातल्या पाण्यामुळे. वाण्याकडून सामान आणण्यापासून ते कढई घासण्यापर्यंत सगळं त्या दोघांचं. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊ नका.

शंकरपाळीला वाटीभर दूध, वाटीभर साखर आणि वाटीभर तूप साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा. मळणं आणि मंद आचेवर तळणं नवऱ्यानं करावं, कातणं मुलीच्या हातात द्यावं. शंकरपाळ्या वेड्यावाकड्या होतील, होऊ द्या.

करंजी सासूबाईंची. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. विकतचं नाव काढलं की त्या गप्प होतात, पण त्यांची हरकत दुकानाला असेलच असं नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं घराची दिवाळी हातानं उभी केली, तिला गुडघ्यांमुळे त्यातून बाजूला बसावं लागलं आहे. फराळ विकत आला की तिच्याकडे विचारायला जाण्याचं शेवटचं कारणही संपतं. म्हणून त्यांना काम द्या, बसून करण्याचं. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची, समोर परात, शेजारी ओला रुमाल. सारणाचा गोडवा त्यांनी ठरवायचा, मुरड त्यांनी घालायची, पाऱ्या नवऱ्यानं लाटायच्या, मुलीनं शेजारी बसून मुरड शिकायची. सारणात सुकंच खोबरं भाजून घ्या, ओल्या नारळाची करंजी टिकत नाही. भरलेल्या करंज्या ओल्या रुमालाखाली झाका, नाहीतर कडा वाळतात आणि तेलात उकलतात.

बोलायचं कधी? दसऱ्याला, जेवणं झाल्यावर. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री दमून बोललात तर ते भांडणच वाटेल. आणि सुरुवात तुमच्या नवऱ्यानं करायची. ‘आणू की’ म्हणणं सोपं आहे. आईशी बोलणं, ऑर्डर देणं आणि आणून डबे भरणं हे सगळं त्यात धरलेलं असेल तरच ते म्हणण्याला अर्थ आहे. त्यांनी एवढंच म्हणावं, ‘आई, यंदा अनारसे मी आणतोय. पाव किलो आधी आणतो, तू चव बघून सांग, पसंत पडले तरच घेऊ.’ मग तुम्ही म्हणा, ‘भाजणी तुमच्या प्रमाणानं करायची आहे, शनिवारी शेजारी बसून सांगाल ना? आणि करंजीचं तुम्हीच बघायचं.’ यात परवानगी मागणं नाही आणि त्यांना बाजूला सारणंही नाही.

जाऊबाईंसाठी एवढंच पुरे : भाऊबीजेला प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा, असं नवऱ्यानं भावाला आणि बहिणींना फोन करून आधीच ठरवावं.

आता तुमचं सुख. ते फराळातून उरलेल्या वेळात बसवू नका, आधी तेच कॅलेंडरवर लिहा. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी म्हणजे वाचायचेही दिवस आहेत. ही हौस तुमच्या एकटीची नाही, सणाचाच भाग आहे. तुम्ही बहुधा चार-पाच जाडजूड अंक एकदम आणता आणि तो ढीग बघूनच हात लागत नाही. यंदा विकत एकच घ्या. बाकीच्यांसाठी जवळच्या वाचनालयात दिवाळी अंक योजनेत नाव घाला : ठरावीक वर्गणी भरायची आणि अंक बदलून नेत राहायचे. परत करायची तारीख असली की वाचून होतं. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. अनुक्रमणिकेत तीन नावांवर पेन्सिलीनं खूण करा, एक कथा, एक लेख, एक व्यक्तिचित्र. तेवढं वाचलंत तरी अंकाचे पैसे वसूल.

वेळ : लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तीन ते चार. पूजेची तयारी सकाळीच आवरून ठेवा, दुपारी घर शांत असतं. घरात सांगून ठेवा की तो वाचनाचा तास आहे, सगळ्यांचा. मुलीच्या हातात बालभारतीच्या ‘किशोर’चा दिवाळी अंक द्या. ते मासिक १९७१ पासून निघतं, कदाचित तुम्हीही लहानपणी वाचलं असेल. मुलगा काय वाचेल ते त्याला ठरवू द्या, फोन मात्र बाहेर.

फडके रोडसाठी नरकचतुर्दशीची आदली रात्र महत्त्वाची. तेल, उटणं, कारीट, सगळ्यांचे कपडे रात्रीच काढून ठेवायचे. पहाटे मुलांना उठवणं आणि बंब किंवा गीझर बघणं नवऱ्याकडे. तुमची अंघोळ पहिली. उजाडता उजाडता मुलांना घेऊन गणेश मंदिरापर्यंत जाऊन या. घरचा फराळ परत आल्यावर, नऊ वाजता. सासूबाईंना गर्दीत चालवणार नाही, त्यांच्यासाठी निघण्याआधी चहा आणि करंजीची बशी मांडून ठेवा. गाण्यांच्या दिवाळी पहाटेला जायचं असेल तर प्रवेशिका आठवडाभर आधीच संपतात, तेव्हा चौकशी कोजागिरीलाच करा.

आणि नाटक. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, आणि तो बऱ्याचदा दिवाळीच्या आसपासच येतो. भाऊबीजेनंतरच्या रविवारचं सावित्रीबाई फुले कलामंदिरातलं तिकीट दिवाळीच्या आधीच काढून ठेवा, एक तुमचं आणि एक मैत्रिणीचं. ‘बघू, जमलं तर’ असं ठरवलेलं नाटक दिवाळीच्या थकव्यात नेहमी राहून जातं. पैसे भरलेलं तिकीट फ्रीजवर लावलेलं असलं की घरातले त्या संध्याकाळच्या जेवणाचं आपणहून बघतात.

एक राहिलं. मुलाचा चिवडा पहिल्या वर्षी खारट व्हायची शक्यता आहे. भाजलेल्या कोऱ्या पोह्यांतले पाव भाग फोडणीत न घालता वेगळ्या डब्यात काढून ठेवायला त्याला आधीच सांगा. खारट झालाच, तर ते मिसळले की चव सारखी होते.